दिवा लागल्यावरचं विरजण

तान्ह्या बाळाच्या पोटावर ती आधी डावा तळहात ठेवायची. मग त्या हातावर उजव्या हाताच्या दोन बोटांनी टकटक करायची आणि मान तिरकी करून ऐकायची. टरबूज घेताना आपण वाजवून बघतो, अगदी तसं. मग बाळाच्या आईकडे बघून जाहीर करायची, "गाव जागं हाय!" तेवढ्यावर त्या आईचा चेहरा असा खुलायचा, की एखाद्या मोठ्या डॉक्टरनं लिहून दिलं असतं तरी खुलला नसता.

या टकटकीला शास्त्रात काडीचा आधार नाही. हे मी तिला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. ती म्हणाली, "मले माईत हाय नं मॅडम. पन लेकराची माय हासली नं." तेव्हापासून मी तिच्यावर जळत होते. तुम्हालाही असं कुणीतरी भेटलं असेल, ज्याचं वाईट म्हणावं असं काहीच नाही, सगळं चांगलंच आहे, आणि म्हणूनच त्याचं तोंड बघवत नाही. मला ती भेटली.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहू का असं तिला विचारायला हवं, आणि तशी सोय राहिलेली नाही.

आमचं काम चारचौघांत सांगायला अवघड होतं. भातकुली तालुक्यातल्या गावांमधून दीड-दोन महिन्यांच्या बाळांची शी गोळा करायची आणि अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत आणून तपासायची. माझ्या सासूबाई शेजारपाजारी "सुनेचं लॅबमदे हाय काई" एवढ्यावर वेळ मारून न्यायच्या. गोळा करायचं काम तिचं, तपासायचं माझं. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली एम. एस्सी., विद्यापीठात पहिली आलेली. ती साधी बी. एस्सी., तीही थांबत थांबत झालेली. वयानं माझ्याहून चार वर्षं मोठी. पहिल्या दिवशी तिनं मला "तू कुठची वो बाई?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणाले होते, "कामाच्या ठिकाणी मॅडम म्हणत जा." ती म्हणाली, "बरं मॅडम." आणि पुढे दोन वर्षं एकदाही चुकली नाही. हेही मला बोचायचं.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लहान मुलांना हगवण लावणारा एक विषाणू आहे. त्याच्यावर तोंडानं द्यायचे थेंब आहेत. त्या थेंबांत तोच विषाणू दुबळा करून घातलेला असतो. तो आतड्यात थोडासा वाढला पाहिजे, म्हणजे शरीर त्याला ओळखायला शिकतं. पण काही बाळांच्या पोटात थेंब लागू पडतात आणि काहींच्या पोटात पडतच नाहीत. का? आतड्यात आधीपासून राहणाऱ्या जंतूंचा यात हात असावा, असं जाणकारांना वाटतं. काही जंतू शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं ठेवतात. काही उलटे, ते विषाणूलाच हात धरून आत नेतात. कोणता जंतू कुणाच्या बाजूचा, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. चांगले म्हणून माहीत असलेले जिवंत जंतू थेंबांच्या आधी आणि नंतर काही दिवस बाळाला दिले तर थेंब अधिक लागू पडतील का, एवढंच आम्हाला पाहायचं होतं.

हे मी गावात फळ्यावर चित्र काढून सांगायची. बायका जांभया द्यायच्या. मग ती उठायची आणि ओट्यावर फतकल मारून सुरू करायची.

"पोट म्हन्जे गाव हाय, माय. गावात सारेच पोलीस नसते नं? काई चांगले, काई रिकामटेकडे, काई चोराले फितूर. डोसातला जीव म्हन्जे पाव्हना. त्याले वेशीतून आत येऊ द्या लागते, पान्याचा गिलास द्या लागते. तवा त्याची तोंडओळख होते. मंग त्याचाच चोर भाऊ आला का गाव त्याले वेशीवरूनच हाकलते. पन गावच झोपलं असन तं पाव्हना बी परत जाते अन् चोर बी घुसते."

बायका पदर तोंडाला लावून ऐकायच्या. एक विचारायची, "अन् गाव जागं हाय का नाई, हे कसं समजते ताई?" मग ती टकटक. आमच्या सरांनी हे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "बघा, हे तुम्हाला जमायला हवं." सर प्रकल्पाचे प्रमुख. माझ्या पदकाविषयी ते कधी एवढ्या कौतुकानं बोलले नव्हते.

बाळांना द्यायच्या पुड्या दोन प्रकारच्या होत्या. एका प्रकारात जिवंत जंतू, दुसऱ्यात नुसतं पीठ. दिसायला सारख्या, वर फक्त आकडे. कोणाला कोणती, हे बाळाच्या आईला ठाऊक नाही, पुड्या वाटणाऱ्या तिला नाही, मला नाही आणि सरांनाही नाही. ती यादी तिसऱ्याच माणसाच्या कपाटात कुलुपात. कळलं की माणसं आपसूक वेगळं वागायला लागतात, म्हणून ही खबरदारी. त्याचसाठी सरांनी एक नियम घातला होता. पुडीत काय आहे हे सांगताना दह्याचं नाव काढायचं नाही. दही म्हटलं की घरोघरी बायका आपापले प्रयोग सुरू करतील. नियमांचा तो कागद मी स्वतः टाइप केला होता.

ती स्कुटीवर पुढे बर्फाचं खोकं बांधून भल्या सकाळी निघायची. एकदा चौकात पोलिसानं अडवलं, खोक्यात काय म्हणून. "पाहाचं हाय का?" म्हणून तिनं झाकण उघडलं आणि एक एक डबी ओळीनं ओळख करून द्यायला लागली. हे अमक्या गावचं, हे तमक्याच्या नातवाचं. पोलीस म्हणाला, "जाय माय, जाय." त्यानंतर तो पोलीस तिला लांबूनच सलाम करायचा.

मला वाटायचं, यात काय मोठंसं? डब्या गोळा करायला अक्कल लागते थोडीच! ती सुट्टीवर असताना एकदा मी गेले. सगळ्या घरांतून डब्या भरून मिळाल्या, एकाही आईनं परत पाठवलं नाही. मी मोठ्या तोऱ्यात त्या टेबलावर मांडल्या. दुसऱ्या दिवशी ती आली आणि एक डबी उजेडात धरून बघत राहिली.

"मॅडम, हे लेकरू किती दिवसाचं हाय म्हनलं?"

"पंचेचाळीस दिवसांचं."

"याच्यात तुरीच्या दायीचं साल हाय."

दीड महिन्याच्या बाळाच्या पोटात तुरीची डाळ! सगळी लॅब हसली. बाळानं त्या दिवशी शी केली नव्हती. शिकलेली बाई उन्हातान्हात दारात आली, तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून त्या माउलीनं थोरल्या पोराची दिली होती. माझ्या नऊ डब्यांपैकी अशा तीन निघाल्या. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "तुमचा मान ठेवला मॅडम त्याइनं." तिनं हसायला हवं होतं. हसली असती तर मला तिच्यावर नीट रागावता आलं असतं.

घरी तरी सुटका असावी? तर नाही. माझा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. कुणाकडे जायचा नाही असा हट्टी, आणि तिच्या मांडीवर मात्र गुमान बसायचा. ती एकदा काही कागद द्यायला घरी आली आणि सासूबाईंनी तिला आमचं दही दाखवलं. आमच्याकडे दही नेहमी चिकट, तार सुटणारं लागायचं. दुसऱ्या दिवशी ती झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात विरजण घेऊन हजर. "आई, दिवा लावू नका आताच. विरजन देतो, मंग लावा." दिवेलागणीनंतर विरजण कुणाला देत नाहीत, लक्ष्मी जाते, हे सासूबाईंचं शास्त्र. ती ते बिनबोभाट पाळायची. त्या दह्याची वडी चमच्यानं कापून घ्यावी लागायची. सासूबाई महिनाभर तेच बोलत होत्या. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली एम. एस्सी., पण दही लावावं तर तिनं.

आणखी एक. मला सकाळी निघायला उशीर व्हायचा, लहान मूल घरी असल्यामुळे. ती खोकं बांधून माझी वाट बघत थांबायची आणि मी धापा टाकत पोचले की सगळ्यांना सांगायची, "मॅडमले उशीर होतेच." रागानं नाही, एखाद्याचं नाव सांगावं तसं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

तिची आई अकोल्याला असायची. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून ती चार दिवस गेली आणि भातकुलीच्या पुढच्या एका गावात मला जावं लागलं. तुरीच्या सालाची आठवण ताजी होती. यावेळी फळा न्यायचाच नाही असं मी ठरवलं. ती बसते तशी ओट्यावर फतकल मारून बसले. सात-आठ बायका जमल्या. एका बाळाची आजी, जाडजूड, मोठ्या आवाजाची, तिनं विचारलं, "पुडीत हाय तरी काय वो मॅडम?"

माझ्या जिभेवर नेहमीचं 'उपयुक्त सूक्ष्मजीव' आलं होतं. पण समोरचे ते चेहरे बघितले. आता जांभई येईल असं वाटलं. आणि मला ती आठवली. मी म्हणाले, "आजी, विरजन समजा. दुधाले लागते तसं लेकराच्या पोटाले विरजन."

बायका खळखळून हसल्या. आजीनं मांडीवर थाप मारली. "हे तं ताईपेक्षा मस्त सांगतलं तुमी!" माझ्या पदकाच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद मला झाला. ते वाक्य मी घरापर्यंत घोळवत आणलं. नियमाचा कागद माझ्या मनातही आला नाही, हे मी शपथेवर सांगते. आनंदात विसरलेच, आणि नंतरही आठवलं नाही.

पुढचं एखाद्या महिन्यानं. त्या गावच्या बाळांचे नमुने माझ्या काचेच्या बशांवर वाढले, तेव्हा पुडीतल्या जंतूंचे ठिपके मला सरसकट दिसायला लागले. ते बारीक, पांढरे, गुळगुळीत ठिपके मी डोळे मिटून ओळखते. चिठ्ठ्या टाकून पुड्या वाटल्या होत्या, म्हणजे साधारण निम्म्या बाळांत दिसायला हवेत. इथे जवळपास सगळ्यांत. कुठल्या तरी वाटेनं खऱ्या पुड्या पिठाच्या घरांत पोचल्या होत्या. आणि गावात पुड्या वाटायची कोण? ती.

तेव्हा ती बाजूच्याच खोलीत डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. दार उघडून विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मी बशा ट्रेमध्ये लावल्या आणि थेट सरांकडे गेले. पावलं कशी हलकी पडत होती ते आजही आठवतं. मला वाईट वाटत नव्हतं. मला खरंच फार बरं वाटत होतं.

सरांनी तिला बोलावलं. तिनं बशा बघितल्या, आणि नाकारलं नाही.

"हो सर. मले माईत हाय. आठ दिवस झाले."

मग तिनं सांगितलं. त्या आजीच्या घरी विरजण संपलं होतं. तिनं उरलेली अर्धी पुडी कोमट दुधात टाकली. दही लागलं. तिनं कौतुकानं शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं तिच्या नातवाची पुडी टाकून बघितली, तर दूध तसंच. "माह्या नातवाले नुसतं पीठ चारून राह्यले काय?" म्हणून ती वाटी घेऊन आजीच्या दारात. आता विरजण मागायला आलेल्या बाईला कुणी नाही म्हणत नाही. आजीनं पुडीच अर्धी करून दिली. मग जावेनं, मग समोरच्या घरानं. ज्यांच्या पुडीनं दूध लागायचं त्यांनी ज्यांच्या पुडीनं लागत नव्हतं त्यांना वाटून दिलं, सगळीच लेकरं धड राहावीत म्हणून. जे कुलूप लावून ठेवलं होतं ते साऱ्या गावानं एका वाटीभर दुधात उघडून बघितलं होतं.

"आठ दिवस?" सर कधी ओरडत नसत. तेव्हा ओरडले. "त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"अर्धंच सांगतलं असतं सर, तं तुमी गावात धावले असते अन् बायकायनं सारं लपवलं असतं. कोनाच्या घरातून कोनाच्या घरी किती गेलं, कवापासून गेलं, सारं लिहून घेऊन राहिली होती. दोन घरं राहिले. मंग सांगूनच टाकनार होती." तिनं पर्समधून वही काढून टेबलावर ठेवली. सरांनी ती उघडलीही नाही.

"आणि पुडी म्हणजे विरजण, हे त्या बायकांच्या डोक्यात घातलं कुणी? दह्याचं नाव काढायचं नाही असं सांगितलं होतं की नव्हतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. एकदाच, फार तर पापणी लवेपर्यंत. त्यात राग नव्हता, प्रश्नही नव्हता. आणि त्या क्षणी मला तो ओटा आठवला, आजीची मांडीवरची थाप आठवली.

"बायाच हायत सर," ती म्हणाली. "बायायले विरजन काय कोनी शिकवा लागते?"

मी काही बोलले नाही. दारापाशी उभी होते, तोंडात जीभ होती, आणि मी बोलले नाही.

वरच्या समितीला झाल्या प्रकारासाठी कुणीतरी जबाबदार हवं होतं. आठ दिवस लपवलं, हे तर तिनं स्वतःच कबूल केलेलं. तिला काढलं. शेवटच्या दिवशी तिनं स्कुटीवरचं खोकं सोडून माझ्या टेबलावर ठेवलं, वर ती वही. म्हणाली, "उद्या लवकर निघजा मॅडम. नऊनंतर बाया वावरात जाते. तुमाले उशीर होतेच." आणि गेली. मी थांबवलं नाही. खरं सांगू? ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. ते वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं.

दुसऱ्या दिवसापासून गावं माझी झाली. पण दारं लोटलेली. "ताई काऊन नाई आल्या?" एवढंच सगळीकडे. कुणी म्हणायची बाळ झोपलं आहे, कुणी म्हणायची आज झालीच नाही. तुरीच्या डाळीचं सालही मिळेना. त्या आजीच्या घरी गेले तर तिनं आत बोलावलं, पाणी दिलं आणि मोठ्या आवाजात विचारलं, "ताईले काऊन काढलं वो? विरजनाचं तं तुमीच सांगतलं होतं. म्या ताईले बी तेच सांगतलं, त्याइनं पुसलं तवा. का मॅडमनं सांगतलं म्हनून."

म्हणजे सरांच्या खोलीत उभी असताना तिला ठाऊक होतं.

घरी येऊन मी ती वही उघडली. सुरेख अक्षर. प्रत्येक घराला एक पान. कोणाकडून आलं, किती आलं, कोणत्या दिवशी, त्या आठवड्यात बाळाला थेंब दिले होते का, पोट बिघडलं होतं का. आणि शेवटी एक रकाना, 'विरजणाचं कोणी सांगितलं'. कुठे 'शेजारीण', कुठे 'जाऊ', कुठे 'आत्या'. पहिलं पान त्या आजीच्या घराचं. त्यावर सगळे रकाने भरलेले होते आणि हा एक कोरा होता. एवढी काटेकोर बाई, तिनं आयुष्यात एकच रकाना कोरा सोडला असेल, आणि तो माझ्यासाठी.

तुम्ही म्हणाल, मग लगेच सरांकडे जायचं. मीही रोज सकाळी स्वतःला तेच म्हणायची. माणूस चुकतो तेव्हा घाईत चुकतो, पण कबूल करायला त्याला सात-आठ महिने लागतात. त्या गावाचे आकडे बाजूला ठेवले, बाकीच्या गावांवर काम पुरं झालं. थेंबांना जंतूंची मदत झाली का, याचं उत्तर काही ठाम निघालं नाही. काही बाळांत झाल्यासारखी वाटली, काहींत उलट. सर म्हणाले, विज्ञान असंच चालतं. मग अहवाल लिहायला घेतला. ज्यांनी ज्यांनी कष्ट केले त्यांच्या आभाराची यादी सरांनी माझ्याकडे दिली, दुरुस्तीला. तिच्या नावावर काट मारलेली होती. आणि वर, सरांच्या खालोखाल, माझं नाव.

याच गोष्टीसाठी मी दोन वर्षं जळत होते. माझं नाव वर आणि तिचं कुठेच नाही. ती यादी हातात घेतली. मी उठले आणि सरांना सगळं सांगितलं. ओटा, आजी, मांडीवरची थाप, कोरा रकाना.

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी विचारलं तेव्हा तुम्ही समोरच उभ्या होतात."

"हो."

"त्या वहीसारखी वही मी तीस वर्षांत पाहिली नाही. आकड्यांसाठी तुम्ही ती मागाहून आणून दिलीत तेव्हा चाळली, तोवर तिला काढून झालं होतं." मग यादीवरची काट त्यांनी स्वतःच्या हातानं खोडून तिचं नाव पुन्हा लिहिलं. "पुढचं काम सुरू होतंय. जा, घेऊन या तिला. मी म्हटलं म्हणून नव्हे. तुम्ही सांगा."

फोन लागत नव्हता. पत्ता जुन्या कागदांत होता, अकोल्याच्या जुन्या शहरातला. निघताना सासूबाईंनी माझ्या हातात तोच झाकणाचा स्टीलचा डबा दिला. तिचं विरजण उन्हाळ्यात आम्ही गावाला गेलो तेव्हा बिघडलं होतं आणि पुन्हा चिकट दही सुरू झालं होतं. "तिच्याकडे जाऊन राहिली नं? मंग विरजन घेऊन येजो. अन् दिवे लागाच्या आत पोच बाप्पा." मी माफी मागायला चालले होते आणि हातात मागण्याचा डबा होता.

मूर्तिजापूरच्या पुढे बस बंद पडली. दुसरी यायला दीड तास गेला. अकोल्याला उतरून, विचारत विचारत ती गल्ली सापडेपर्यंत अंधारायला आलं होतं. मनात वाक्यं जुळवत होते. "मी खरं सांगितलं सरांना." नको. "चला परत." तेही नको. घराला कुलूप होतं.

शेजारचं दार उघडं होतं. एक बाई बाहेर आली. तिच्यामागे देव्हाऱ्यात दिवा लावलेला दिसत होता.

"त्या नाई इथं. माय वारली त्याइची चैतात. मंग मेळघाटात गेल्या, लेकरायच्याच कामावर. तिकडं फोन बी लागत नाई." मग तिनं मला नीट निरखलं. "तुमी अमरावतीच्या मॅडम काय?"

मी मान हलवली. तिची आई वारली हे मला ठाऊक नव्हतं. आई आहे की नाही, डोळा बरा झाला की नाही, घरी आणखी कोण असतं, मी कधी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं इतकं निरखून बघितलं तिला, पण विचारलं काहीच नाही.

"येते मी," म्हणाले.

"अवो, थांबा नं. डबा आनला का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पर्समधला डबा बाहेर काढला. "पण तुमचा दिवा लागलाय."

"लागला नं. दिवा लागल्यावर म्या सख्ख्या बहिनीले देत नाई. या गल्लीत साऱ्यायचं विरजन त्याइचंच हाय, पन सारे दिवसा नेतात." तिनं डबा माझ्या हातातून घेतला. "पन त्या जातानी माह्याजवळ सांगून गेल्या. म्हने, अमरावतीच्या मॅडम कवातरी येईन. त्याइले दिवा लागल्यावर बी देजो. त्याइले उशीर होतेच."

ती आत गेली. मी त्या कुलूपबंद दाराच्या पायरीवर बसले. रडू आलं, ते आलंच, पण त्याच्याआधी काय आलं तेही सांगते. तीच जुनी जळजळ आली. मी येणार हे मला कळायच्या कितीतरी आधी तिला कळलं होतं. माफीसुद्धा ती माझ्या आधी उरकून गेली होती. एवढं एक तरी मला तिच्या आधी जमायला हवं होतं.

परतीच्या बसमध्ये डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. खड्डा आला की उचलून धरायचा, खड्डा गेला की टेकवायचा. शेजारी एक म्हातारी होती, ती बराच वेळ बघत होती.

"काय हाय वो बाई त्याच्यात, एवढं जपून राहिली?"

"विरजण."

"कोनाचं?"

मी तिचं नाव सांगितलं. आडनावासकट, पुरं.